फौजेची मागणी व मुलखाचें देणें : हिंगोली छावणीच्या कागदांचा विचार

१. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सामान्यतः तीन प्रकारचे रुमाल आढळतात. पहिल्यांत सनदा, वतनपत्रें व महजर, दुसऱ्यांत पत्रव्यवहार, आणि तिसऱ्यांत यादी, आजमास, हजिऱ्या, वराता व जमाखर्च. पहिला रुमाल मालक पेटींत जपून ठेवितो, दुसरा संशोधक छापून काढितो, आणि तिसरा बहुधा वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या वांट्यास जातो. ह्या तिसऱ्या रुमालावांचून पहिल्या दोहोंचा अर्थ कित्येक वेळां उलटा लागतो, हें एका उदाहरणानें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण निवडलें आहे तें बंदोबस्ताच्या खर्चाचें. म्हणजे चोर, पेंढारी व बंडखोर ह्यांच्या पारिपत्यासाठीं माणसें, घोडीं, हत्यारें व दारूगोळा मागणाऱ्या कागदांचें. स्थळ परभणी जिल्ह्यांतील हिंगोलीची छावणी. (हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांत मोडत असे, त्या दिवसापासून तो स्वतंत्र जिल्हा झाला. प्रस्तुत विषयाच्या काळीं अर्थातच हा भेद नव्हता.)

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. मागणीचा कागद हा गरजेचा पुरावा नव्हे. मागणाऱ्यास देणाऱ्याच्या मनांत काय भरवावयाचें होतें, एवढ्याचाच तो पुरावा होय. गरज खरोखर किती होती, सामान किती आलें आणि पैसा कोणाच्या पदरीं पडला, हें कळण्यास त्या कागदाचे जोडीदार शोधावे लागतात. हे जोडीदार तीन : मंजुरी, हजिरी आणि वसूल. हिंगोलीच्या बाबतींत जोडीदारांवांचून केवळ मागणीच्या कागदावर कारभार चालला, आणि त्याचें देणें अखेर सबंध वऱ्हाड प्रांतानें फेडलें.

२. प्रथम गांवापासून आरंभ करूं. गांवगाड्यांतील बंदोबस्तास मागणीचा कागद लागतच नसे. पाटील हा गांवचा मुख्य. त्याच्या हाताखालीं महार, जागल्या, क्वचित् रामोशी. त्यांचा मुशाहिरा म्हणजे बलुतें, हक्क व इनाम जमीन. हत्यार म्हणजे ज्याच्या त्याच्या घरचें. चोरी झाली म्हणजे पाऊल ओळखून माग काढावयाचा, तो शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत न्यावयाचा, आणि तेथें त्या गांवच्या हवालीं करावयाचा. माग जेथें थांबेल त्या गांवानें चोर दाखवावा, नाहीं तर मालाची भरपाई करावी. ही वहिवाट एल्फिन्स्टननें पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखावरील आपल्या १८१९ च्या अहवालांत सविस्तर नोंदली आहे. गोदावरीच्या उत्तरेसहि गांवगाडा थोड्याफार फरकानें असाच होता. ह्या व्यवस्थेंत खर्च सोसणारा, खर्च करणारा व त्याचा लाभ घेणारा हे तिघेहि एकच, म्हणजे गांव. म्हणून खोटी मागणी करण्यास जागाच नव्हती. भिंतीवरची तलवार गंजली तर ती गांवच्या डोळ्यांसमोर गंजत असे.

परंतु ह्या व्यवस्थेची मर्यादाहि उघड आहे. पांच-दहा चोरांपुढें जागल्या पुरा पडे. शेंदोनशें घोड्यांच्या टोळीपुढें गांवास गढीचा दरवाजा लावून बसण्यापलीकडे उपाय नसे. मराठवाड्यांत गांवोगांव पांढऱ्या मातीच्या गढ्या दिसतात, त्यांचें एक कारण हेंच होय. गढी पुरेना म्हणजे वरच्या ठाण्याकडे पहावें लागे, आणि तेथूनच मागणीच्या कागदाचा जन्म होतो.

३. मराठी राज्यांत ह्या कागदाची रीत चांगली ठरलेली होती. परगण्यावर ठाणें असे व ठाण्यांत शिबंदी. मामलेदारास किती स्वार, किती प्यादे, कोणत्या दरानें व किती महिने ठेवावयाचे, हें तैनातजाबत्यांत लिहिलेलें असे. वर्षारंभीं हुजूर दप्तरांतून बेहेडा येई. त्यांत परगण्याचा अपेक्षित वसूल, त्यांतून देवस्थान, नेमणुका व शिबंदी ह्यांची वजावट, आणि शेवटीं सरकारांत भरावयाची रक्कम असे. मामलेदारास अधिक शिबंदी पाहिजे असेल तर त्यानें याद करावी. यादींत कलमें असत, व प्रत्येक कलमापुढें हुजूरचा जाब लिहिला जाई. वर्षाअखेर सर्वांचें तालेबंद हुजूर जाई. ह्या सर्व कागदांवर मामलेदाराखेरीज दरकदारांचा हात असे. दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस हे परगण्यांतील दरकदार हुजुरांतून नेमलेले असून त्यांस काढण्याचा अधिकार मामलेदारास नसे. मागणाऱ्याच्या शेजारींच त्याचा साक्षीदार बसविण्याची ही युक्ति होती.

ही युक्ति पुष्कळदां फसे, हेंहि लपविण्याचें कारण नाहीं. एल्फिन्स्टननें मामलेदारांच्या गैरवाजवी मिळकतीचीं जीं साधनें मोजिलीं आहेत, त्यांत खोट्या हजिऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर माणसें अधिक आणि ठाण्यांत कमी, हा त्या पैशाचा उगम. परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, खोटें करावयाचें तेंहि हजिरींतच करावें लागे. म्हणजे हजिरी हा कागद पाहिजेच, आणि तो कोणी तरी ताडून पाहणार, ही भीति व्यवस्थेंतच गोंविलेली होती.

संग्राहकांनीं येथें दोन बारकावे ध्यानांत ठेवावे. पहिला असा कीं, शिबंदीच्या यादींत 'हत्यारें' असें स्वतंत्र कलम बहुधा नसतें. म्हणून हत्यारें नव्हतीं असें समजूं नये. शिलेदार आपलें घोडें व हत्यार आपल्या पदरचें आणी; त्याची किंमत मुशाहिऱ्याच्या दरांतच धरलेली असे. बारगिराचें घोडें सरकारी, म्हणून त्याचा दर कमी. यास्तव एकाच ठाण्यांत दोन स्वारांच्या दरांत मोठें अंतर दिसल्यास तें अंतर म्हणजेच घोड्याचा व सामानाचा खर्च होय. दुसरा बारकावा महिन्यांचा. कित्येक ठिकाणीं चाकरी सालभर, पण मुशाहिरा दहा किंवा अकरा महिन्यांचा, अशी रीत होती. ती न ओळखतां बारांनीं गुणून काढलेला खर्च फुगतो, व मग लेखक त्या फुगीर आंकड्यावर सिद्धांत उभारतो.

दारूगोळ्याची गोष्ट निराळी. तो सरकारी, म्हणून त्याचे कागद निराळे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्यावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, हवालदारानें आठां-पंधरा दिवसांनीं येऊन माल उन्हांत घालावा व पुन्हां बंद करून मुद्रा करावी, अशी सूचना आहे. ह्या सूचनेचा कारभारी अर्थ असा कीं, सामान मागणें हें एकदांचें काम, परंतु तें जपणें हें नित्याचें काम होय. आणि त्या नित्याच्या कामाचा हिशेब जो देऊं शकत नाहीं त्याची नवी मागणी ऐकण्याजोगी नसते.

४. आतां परभणीकडे वळूं. मोगलाईंत हा मुलूख वऱ्हाड सुभ्यांतील पाथरी, वाशीम, माहूर ह्या सरकारांत वांटलेला असून, पुढें तो निजामाकडे गेला. १७१९ च्या सनदांपासून मराठ्यांचा चौथाई व सरदेशमुखीचा हक्क येथें चाले. म्हणून एका गांवावर दोन सरकारांचे कमाविसदार असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निजामाच्या राज्यांत वसुलाचे मक्ते तालुकदारांस देण्याची पद्धति बळावली होती. मक्तेदार तालुकदार आपला वसूल उगविण्यासाठीं आपलीच शिबंदी ठेवी. तींत अरब व रोहिले यांचा भरणा मोठा. त्यांचा पगार थकला म्हणजे तेच तालुकदाराचे सावकार बनत, आणि मुलूख त्यांच्याकडे गहाण पडे. म्हणजे रयतेच्या रक्षणासाठीं ठेवलेली फौज रयतेच्याच उरावर बसे. हा दोष खरा होता. पुढें इंग्रज रेसिडेंटांनीं जी मागणी केली ती ह्या खऱ्या दोषाकडे बोट दाखवून केली, म्हणूनच ती इतकी पटण्यासारखी दिसली.

५. हेन्री रसेल हा १८११ पासून १८२० पर्यंत हैदराबादेस रेसिडेंट होता. कारभार नांवाला मुनीर-उल्-मुल्क दिवाणाचा, वस्तुतः पेशकार राजा चंदूलाल ह्याचा. १८१२ मध्यें हैदराबादेंतील फौजेनें थकलेल्या पगारावरून दंगा केला. त्यानंतर १८१३ मध्यें रसेलनें निजामाच्या खर्चानें, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं, कंपनीच्या पलटणींप्रमाणें हत्यारें, कपडे व कवाईत असलेली फौज उभी केली. तीच 'रसेल ब्रिगेड'. पुढें १८१६ च्या सुमारास वऱ्हाड व औरंगाबाद बाजूस स्वार व पायदळ ह्यांची अशीच सुधारणा झाली. ह्या फौजेस पुढें कंटिंजंट हें नांव पडलें व हिंगोली हें तिचें एक मुख्य ठाणें झालें.

आतां मागणीचा आधार काय होता तें पाहूं. १८०० च्या तहाच्या बाराव्या कलमाप्रमाणें लढाई उपस्थित झाली असतां निजामानें ६,००० पायदळ व ९,००० स्वार कंपनीच्या मदतीस द्यावे, असें ठरलें होतें. शांततेच्या काळीं इंग्रजांच्या हुकमतीखालीं कायमची फौज पोसावी, असें त्यांत कोठेंहि नव्हतें. पुढें स्वतः गव्हर्नर-जनरल डलहौसी ह्यानेंहि हें कबूल केलें. म्हणजे मागणीच्या कागदांत तहाचें नांव होतें, पण तहांत त्या मागणीचें नांव नव्हतें. ज्यांच्या संग्रहीं तहाच्या नकला आहेत त्यांनीं हें कलम मागणीपत्रांशेजारीं ठेवून वाचावें.

गरज मुळींच नव्हती, असें मात्र म्हणतां येत नाहीं. हिंगोली-उमरखेडच्या टापूंत हटकर नाईकांचा जोर होता. त्यांतील नौसाजी नाईक ह्यानें निजामाची सत्ता झुगारून दिली. उमरखेडाजवळ त्याचा मोड झाल्यावर त्यानें नोवा येथील गढीचा आश्रय केला. जानेवारी १८१९ मध्यें मेजर पिटमन ह्याच्या फौजेनें ती गढी वेढली व महिनाअखेर हल्ला करून घेतली. आंतील अरबांनीं शर्थीनें झुंज दिली. नौसाजी पकडला जाऊन हैदराबादेस गेला व तेथेंच मरण पावला. कंटिंजंटच्या इतिहासांत हा वेढा पराक्रम म्हणून नोंदला आहे, आणि शिस्तीच्या पायदळाशिवाय व तोफांशिवाय नोवा पडली नसती हेंहि खरें. परंतु नौसाजीस 'बंडखोर' म्हणणारे कागद कोणाचे, हें विचारणें इतिहाससंशोधकाचें काम आहे. फौज वाढविण्याची मागणी करणाऱ्यास बंड जितकें मोठें तितकें सोयीचें. नाईकांच्या घरचे, त्या बाजूच्या देशमुख-देशपांड्यांचे कागद उजेडांत येईपर्यंत ह्या प्रकरणांत आपण एकाच पक्षाची कैफियत ऐकत आहों, हें विसरूं नये.

६. अर्ज बिनचूक असून हेतु खोटा कसा असूं शकतो, ह्याचें हिंगोलीच्याच छावणींतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरींतील अधिकारी. त्याची ठगांवरील कादंबरी १८३९ मध्यें लंडनास छापली गेली. तिच्या प्रस्तावनेंत त्यानें हरिसिंग नांवाच्या हिंगोलीच्या व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. हा मनुष्य छावणीच्या बाजारांत प्रतिष्ठित म्हणून गणला जाई. स्वतः टेलरचाहि त्याच्याशीं व्यवहार होता. मुंबईहून कापड आणावयाचें आहे, सबब परवाना मिळावा, असा त्यानें कॅप्टन रेनॉल्ड्स ह्याजकडे अर्ज केला. परवाना मिळाला. कापड मात्र दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचें होतें व तें वाटेवर आहे हें हरिसिंगास ठाऊक होतें. त्यानें त्या व्यापाऱ्यास व त्याच्या माणसांस मारून तो माल सरकारी परवान्याखालीं हिंगोलीस आणिला आणि छावणींत उघडपणें विकला. पुढें ठगांचा तपास लागला तेव्हां छावणीच्या आसपासच पुरलेलीं प्रेतें सांपडलीं.

ह्या हकीकतींत रेनॉल्ड्सची बुद्धि कमी पडली असें नव्हे. ठगांच्या तपासांत पुढें त्यानेंच मोठें काम केलें. कमी पडला तो जोडीदार कागद. अर्ज होता, मंजुरी होती. परंतु माल कोणाचा, कोठें खरेदी झाला व कोणी भरला, हें ताडून पाहणारी नोंद नव्हती. पलटणी, तोफा व पहारे ह्यांच्या मध्यभागीं चोरीचा माल विकला गेला तो ह्या एका उणीवेमुळें. हाच दोष राज्याच्या पातळीवर किती महाग पडला तें आतां पाहूं.

७. कंटिंजंटचा वार्षिक खर्च वाढत वाढत सुमारें ४० लक्ष रुपयांच्या घरांत गेला. निजामाच्या खजिन्यांत रोकड नव्हती. फौजेस तर महिन्याच्या महिन्यास पगार पाहिजे. ही फट भरून काढण्यास विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पुढें आली. ती १८१४ मध्यें हैदराबादेस निघाली, आणि १८१६ मध्यें तिला निजामाशीं देवघेव करण्याची कलकत्त्याची परवानगी मिळाली. औरंगाबाद व वऱ्हाडकडील फौजेच्या पगारासाठीं ह्या पेढीनें दरमहा दोन लक्ष रुपये द्यावे, व त्याबद्दल मुलखाच्या वसुलावर वराता घ्याव्या, असा करार झाला. व्याजाचा दर शेंकडा २४ च्या आसपास. फौजेचा पगार वेळेवर मिळूं लागला, शिस्त राहिली, आणि हिंगोलीच्या शिपायास आपली तनखा कोणत्या गांवच्या जोंधळ्यांतून येते हें कळण्याचें कारण उरलें नाहीं.

१८२० मध्यें पेढीनें निजाम सरकारास ६० लक्षांचें नवें कर्ज द्यावें, असा प्रस्ताव चंदूलालाच्या नांवें रेसिडेंटामार्फत कलकत्त्यास गेला. मागणीपत्र ह्या दृष्टीनें तो कागद नमुनेदार म्हटला पाहिजे. त्यांत कारणें दिलीं होतीं तीं अशीं : कमी करावयाच्या नोकरांचे व फौजेचे थकलेले पगार चुकते करणें, देशी सावकारांचें देणें वारणें, आणि रयतेस तगाई देऊन लागवड वाढविणें. ह्या तिहींपैकीं कोणतें कारण वाईट आहे? एकहि नाहीं. कौन्सिलांत मतभेद असतांहि गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज ह्यानें मंजुरी दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्लस मेटकाफ रेसिडेंट होऊन आला, व त्यानें मागणीपत्र बाजूस ठेवून जमाखर्च मागविला. तेव्हां दिसून आलें कीं, ६० लक्षांची नवी रोकड खजिन्यांत आलीच नव्हती. बहुतेक रक्कम म्हणजे पूर्वींचीच बाकी नव्या खात्यावर ओढलेली, आणि सुमारें आठ लक्ष पेढीच्या भागीदारांची बक्षिसी! रयतेची तगाई मागणीपत्रांत होती ती तेथेंच राहिली.

ह्या प्रकरणाचे कागद १८२४ मध्यें लंडनास छापले गेले, व त्याच वर्षीं पेढीचें दिवाळें निघालें. देणें मात्र निजामाकडून वसूल झालें. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामास दरसाल सात लक्ष पेशकश देत असे. १८२३ मध्यें तिच्या ऐवजीं १,१६,६६,६६६ रुपये एकरकमी देऊन कंपनीनें तो हक्क कायमचा विकत घेतला, आणि त्या रकमेंतून पामरचें खातें पुरें झालें. एका मागणीपत्राच्या पोटीं समुद्रकांठच्या एका सबंध प्रांताचें वार्षिक उत्पन्न असें गेलें.

८. पेढी बुडाली, फौज राहिली. तिची संख्या कोणी ठरवावयाची? रेसिडेंटानें. हजिरी कोणी घ्यावयाची? त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनीं. अधिकाऱ्यांचे पगार कोणी ठरवावयाचे? त्यांनींच. निजामाकडे यावयाचें तें फक्त देण्याचें बिल. बिचारा निजाम सर्वांचेंच भरतो, अशा अर्थाची थट्टा त्या काळीं गोऱ्या अधिकाऱ्यांत रूढ होती. मराठी मामलेदाराच्या शेजारीं निदान दरकदार बसे. येथें मागणारा, मंजूर करणारा, हजिरी घेणारा व खर्च करणारा एकच, आणि भरणारा तेवढा निराळा. गांवगाड्याच्या अगदीं उलट ही रचना होती.

पगार थकला कीं कंपनी आपल्या खजिन्यांतून उसना देई व तो निजामाच्या नांवें व्याजासह लिही. १८५१ मध्यें निजामानें ४० लक्ष भरले, तरी बाकी पुन्हां वाढली. १८५३ मध्यें सुमारें ४५ लक्षांचें येणें दाखवून रेसिडेंट कर्नल लो ह्यानें निजाम नासिर-उद्-दौला ह्याजकडून २१ मे रोजीं नवा तह करून घेतला. त्याअन्वयें ५,००० पायदळ, २,००० स्वार व चार तोफखाने असलेल्या कंटिंजंटच्या खर्चासाठीं वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत कंपनीच्या ताब्यांत गेले. निजामाच्या बाजूनें ह्यावर एक मार्मिक उत्तर होतें. शिकंदराबाद व जालना ह्या छावण्यांतील अबकारीचें उत्पन्न, सालीना सुमारें एक लक्ष, कंपनी एक्केचाळीस वर्षें स्वतः घेत आली; तें हिशेबांत धरलें तर देणें जवळजवळ फिटतें! हें उत्पन्न १८५३ पासून निजामाकडे परत आलें, मागील वर्षांचें मात्र वजा झालें नाहीं. जालना हें परभणीच्या शेजारचें ठाणें. तेथील दारूच्या दुकानांचा जमाखर्च आणि हिंगोलीच्या पलटणीचा पगारपट हे दोन रुक्ष कागद कोणी एकत्र वाचले असते, तर तहाच्या वाटाघाटीचें स्वरूप पालटलें असतें.

१८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लक्षांचें कर्ज माफ झालें; वऱ्हाड तेवढें राहिलें. १९०२ मध्यें लॉर्ड कर्झननें तें सालीना २५ लक्षांच्या ठराविक रकमेवर कायमच्या पट्ट्यानें घेतलें. आणि पुढल्याच वर्षीं, १९०३ मध्यें, ज्या कंटिंजंटच्या खर्चासाठीं हें सर्व झालें ती स्वतंत्र फौज म्हणून राहिली नाहीं. तिच्या पलटणी हिंदी सैन्यांत मिळाल्या व हिंगोलीची छावणी मोडली. मागणीचें कारण संपलें, परंतु मागणीच्या पोटीं दिलेला मुलूख परत आला नाहीं. वऱ्हाडावरील निजामाचें नांवाचें स्वामित्व १९४८ मध्यें राज्याबरोबरच लयास गेलें.

९. पहिल्या सालारजंगानें १८५३ मध्यें दिवाणगिरी हातीं घेतल्यावर मक्त्यांची पद्धति मोडीत काढली, १८६५ मध्यें जिल्हाबंदी केली व पुढें पोलिसांचें खातें निराळें केलें. तेव्हांपासून परभणीच्या बंदोबस्ताचे कागद सरकारी नमुन्यांत, आधीं फारसींत व मागाहून उर्दूंत, लिहिले जाऊं लागले. गांवचे कागद मात्र मोडींतच राहिले. आजहि रीत तीच आहे. केंद्र सरकारची पोलिस दलांच्या आधुनिकीकरणाची योजना १९६९-७० सालीं सुरू झाली; जिल्हा नियोजन समितीकडूनहि कांहीं रकमा मिळतात. वाहन, बिनतारी संच किंवा कॅमेरे पाहिजे असतील तर प्रस्ताव करावा लागतो. त्यांत प्रयोजन, संख्या, दर व समर्थन द्यावें लागतें. आणि खर्च झाल्यावर विनियोगाचा दाखला जोडावा लागतो. याद म्हणजे प्रस्ताव, जाब म्हणजे मंजुरी, व हजिरी म्हणजे विनियोगाचा दाखला : नांवें पालटलीं, घाट तोच. ह्या तिन्ही कागदांवर एकाच हाताची सही होऊं लागली म्हणजे काय होतें, ह्याचें उत्तर हिंगोलीच्या इतिहासांत लिहिलेलें आहे.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. हिंगोली, कळमनुरी, वसमत, जिंतूर, पाथरी, गंगाखेड ह्या बाजूच्या देशमुख-देशपांड्यांच्या व सावकारांच्या वाड्यांत अजून रुमाल शिल्लक आहेत. इंग्रजी पक्षाचे कागद छापले गेले. फारसी व उर्दू कागद हैदराबादच्या अभिलेखागारांत आहेत. तिसरा पक्ष, म्हणजे ज्यांच्या गांवांवर वराता झाल्या त्यांचा. त्याचें म्हणणें ह्या मोडी जमाखर्चांतच सांपडेल. पलटणीस वैरण किती दिली, पैसे मिळाले कीं नाहीं, वरातदार कोण आला, त्याच्या मसाल्याचा खर्च कोणावर पडला, असल्या एकेका ओळीचें मोल सनदेहून कमी नाहीं. सबब असा रुमाल हातीं आल्यास त्यांतील 'निरुपयोगी' बंद वेगळे काढूं नयेत, मूळ बांधणी मोडूं नये, व बाडाचें ठिकाण आणि घराणें ह्यांची नोंद त्याच दिवशीं करावी. सनद आपल्याला सांगते कीं काय द्यावयाचें ठरलें होतें. काय दिलें गेलें व तें कोणी भरलें, हें सांगणारा तिसरा रुमालच होय.